हलकेपणाचा जमाखर्च

कार्टच्या शर्यतीचा नाद ज्या घरात एकदा शिरला, त्या घराच्या खर्चाच्या वहीत टायर, पेट्रोल, टू-स्ट्रोकचे तेल, स्पर्धेची प्रवेश फी आणि परगावच्या लॉजचे भाडे या ठरीव नोंदींच्या जोडीला अलीकडे एक नवी नोंद दिसू लागली आहे. ती म्हणजे कार्बन फायबरच्या सुट्या भागांची. सीट कार्बनची, पायाखालचा पत्रा कार्बनचा, चेनवरचे झाकण कार्बनचे, स्टिअरिंगचे चाक कार्बनचे, आणि जिथे खरा कार्बन परवडत नाही तिथे त्याच्या काळ्या चौकटीदार विणीची नुसती छापील फिल्म चिकटवलेली, अशी ही आवड वाढत चालली आहे. हौसेला मोल नसते हे मान्य; परंतु ही हौस ज्या वाहनावर केली जाते त्यात बहुधा कोवळ्या वयाचे मूल बसलेले असते, ते वाहन जमिनीपासून दोन-चार बोटे उंचीवरून ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने धावत असते, आणि खरेदीचा निर्णय करणारा पालक हा बहुतेक वेळा धातू-पदार्थांचा जाणकार नसून दुकानदाराच्या शब्दावर विसंबणारा गृहस्थ असतो. सबब या जिनसांची सुरक्षितता आणि त्यांचे खरे मोल या दोन्ही बाबींची रुजवात एकदा घातली जाणे अगत्याचे आहे.

माझे मत आरंभीच नमूद करतो, म्हणजे वाचकाला शेवटपर्यंत ताटकळावे लागणार नाही. कार्टवर कार्बनला जागा आहे. पण ती जाहिरातीत भासते तितकी प्रशस्त नाही, आणि ज्या भागांवर तो सर्वांत अधिक मिरवला जातो त्यांतल्या काही भागांवर तर ती मुळीच नाही.

कार्टचा जन्म काटकसरीत झाला. १९५६ साली कॅलिफोर्नियात, शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या एका कारखान्यात काम करणाऱ्या आर्ट इंगल्स नावाच्या कारागिराने लू बोरेली या मित्राच्या साहाय्याने, हिरवळ कापण्याच्या यंत्रांसाठी बनलेले पण खपाअभावी पडून राहिलेले एक छोटे टू-स्ट्रोक इंजिन पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर बसवले, त्याला चार लहान चाके लावली, आणि पासाडेनाच्या रोझ बोल मैदानाच्या वाहनतळावर ती चीज फिरताना पाहून इतरांना तिची अशी चटक लागली की, एकदोन वर्षांतच तिचे कारखाने निघाले. त्या पहिल्या वाहनाला स्प्रिंगा नव्हत्या, शॉक ॲब्सॉर्बर नव्हते, डिफरेन्शियल नव्हते. आणि मौजेची गोष्ट अशी की, सुमारे तीस अश्वशक्तीचे रोटॅक्स इंजिन बसवलेल्या आजच्या महागड्या इटालियन कार्टमध्येही यांतले काहीच नसते. मागची दोन्ही चाके एका अखंड ॲक्सलवर घट्ट बसवलेली असल्याने, वळणावर आतल्या चाकाला कमी आणि बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावयाचे असूनही दोघांना एकाच गतीने फिरावे लागते. ही अडचण कार्ट मोठ्या युक्तीने सोडवते. स्टिअरिंग वळवताच पुढच्या चाकांच्या तिरप्या बैठकीमुळे सांगाड्याला पीळ बसतो, मागचे आतले चाक क्षणभर जमिनीवरून सुटते, आणि वळण सरताच त्या पोलादी नळ्या पीळ सोडून पूर्ववत होतात. सुमारे तीस मिलिमीटर व्यासाच्या, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या त्या नळ्या म्हणजेच या वाहनाची स्प्रिंग.

हा तपशील इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, कार्टच्या बाबतीत कडकपणा हा स्वतःसिद्ध गुण नाही, हे त्यावरून ध्यानात यावे. जाणता मेकॅनिक ट्रॅकवरची पकड वाढली की मऊ ॲक्सल घालतो, एखादा बोल्ट मुद्दाम ढिला ठेवतो, पुढचा आडवा दांडा काढून टाकतो; त्याची सारी विद्या सांगाड्याला कुठे वाकू द्यावे आणि कुठे रोखावे या एका विवेकात साठवलेली असते. सीटही या व्यवहाराच्या बाहेर नाही. ती दोन्ही बाजूंना मिळून चार ठिकाणी बोल्टने आवळलेली असते, काही जण तर ॲक्सलच्या बेअरिंगपासून सीटच्या खांद्यापर्यंत जादा आधारदांडे जोडतात, आणि वळणावर बाहेर फेकला जाऊ पाहणाऱ्या चालकाचा सगळा भार तिच्याच कडांतून सांगाड्यात उतरतो. अशा ठिकाणी काचतंतूची, म्हणजे बाजारात जिला नुसते फायबरची म्हणतात ती, लवचिक सीट काढून तिच्या जागी कार्बनची ताठर सीट बसवणे म्हणजे वाहनाची एक स्प्रिंग बदलणे होय. ती बदलून वाहन सुधारेलच असे नाही. पकड फार असलेल्या ट्रॅकवर ते उड्या मारू लागेल, वळणातून मोकळे सुटणार नाही, आणि ज्याने पैसे मोजले तो गृहस्थ दोष टायरला देत बसेल.

आता मूळ पदार्थाकडे वळू. कार्बनचा एक तंतू सुमारे सात मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा. असे हजारो तंतू एकत्र करून, त्यांचे कापड विणून, ते इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून, साच्यात थरावर थर रचून उष्णता आणि दाब यांखाली घट्ट केले म्हणजे जो पदार्थ तयार होतो, त्याची घनता पोलादाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास असते आणि तंतूंच्या दिशेने ओढले असता त्याची ताकद उत्तम पोलादाला खाली पाहावयास लावते. परंतु या स्तुतीतला तंतूंच्या दिशेने हा भाग जाहिरातदार गाळतो. आडव्या दिशेने, थरांच्या मधल्या सांध्यात, अणकुचीदार आघाताखाली किंवा अनपेक्षित पिळाखाली तो पदार्थ केवळ रेझिनच्या बळावर उभा असतो, आणि ते बळ बेताचेच. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पोलाद तुटण्यापूर्वी वाकते आणि आपली कैफियत डोळ्यांसमोर मांडते. कार्बनचा तंतू दीड-दोन टक्के ताणला गेला की एकदम तुटतो. स्टिअरिंगला पुढच्या चाकाशी जोडणारा टाय रॉड वाकला तर मूल पिटलेनमध्ये परत येऊन स्टिअरिंग एका बाजूला ओढते आहे अशी तक्रार करील. टाय रॉड तुटला तर तक्रार करण्यास अवसर मिळणार नाही.

या पदार्थाचा इतिहास पाहिला तर त्यात गौरव आणि फजिती दोन्ही जवळजवळ नांदताना दिसतात. इंग्लंडातल्या फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेत १९६०च्या दशकात बळकट कार्बन तंतू तयार करण्याची रीत विकसित झाली आणि रोल्स-रॉइस कंपनीने आपल्या आरबी-२११ या नव्या जेट इंजिनाच्या पंख्याची पाती त्याच तंतूंची करण्याचे धाडस केले. वजन तर घटले, पण पक्षी आदळल्यास काय होते हे पाहण्यासाठी १९७० साली त्या पात्यांवर कोंबडी वेगाने मारण्यात आली तेव्हा त्यांचे तुकडे झाले, पुन्हा टायटॅनियमच्या पात्यांचा आश्रय करावा लागला, आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये त्या विख्यात कंपनीवर दिवाळे निघण्याचा प्रसंग आला. तिच्या पतनाला ही एकच गोष्ट कारण नव्हती हे न्यायाने म्हटले पाहिजे. पुढे दहा वर्षांनी, १९८१ साली, जॉन बर्नार्ड या अभियंत्याने मॅक्लारेनच्या फॉर्म्युला वन मोटारीचे संपूर्ण कवचच कार्बनचे केले. त्याच वर्षी इटलीत मोंझाच्या शर्यतीत जॉन वॉटसनची ती मोटार भरवेगात कठड्यावर आदळून तिचे दोन भाग झाले आणि वॉटसन स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला. जगभरच्या शर्यतवेड्यांच्या मनातली कार्बनविषयीची बरीच श्रद्धा त्या एका दृश्यातून उगवलेली आहे.

ती श्रद्धा अनाठायी नव्हती. अनाठायी आहे ते तिचे कार्टवर केलेले आरोपण. वॉटसनला वाचवले ते कार्बन या नावाने नव्हे, तर त्याच्याभोवती चहूकडून बांधलेल्या, थरांची रचना मोजूनमापून केलेल्या, स्वतः चुरा होत जाऊन आघाताची शक्ती गिळणाऱ्या जाड पेटीने. आणि पुढे मोटार-शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने अशा प्रत्येक पेटीची धडक-चाचणी सक्तीची केली. कार्टमध्ये अशी पेटीच नाही. चालकाला पट्ट्याने बांधलेलेही नसते, कारण वर गज नसलेले वाहन उलटले तर त्याच्याखाली अडकण्यापेक्षा बाहेर फेकले जाणे बरे, असा त्यामागचा विचार आहे. ज्या वाहनात चालकाच्या बरगड्या आणि भोवतालचे जग यांच्यामध्ये तीन-चार मिलिमीटरची सीट आणि प्लास्टिकची बाजू यांपलीकडे काही नाही, तिथे फॉर्म्युला वनचा दाखला देऊन दोन हातांएवढा काळा पत्रा विकणे ही दिशाभूल आहे.

नवी सीट बसवण्याचा विधी एकदा जवळून पाहण्यासारखा असतो. मेकॅनिक सांगाडा सपाट टेबलावर ठेवतो, सीटखाली लाकडी पट्ट्या सारून तिची उंची साधतो, चालकाला हेल्मेटसकट तिच्यात बसवतो, ॲक्सलपासून आणि पुढच्या आडव्या नळीपासून टेप लावून मिलिमीटरपर्यंतची मापे घेतो, मार्करने खुणा करतो, आणि मग त्या वक्र, चकचकीत कवचात हातातल्या ड्रिलने आठ मिलिमीटरच्या बोल्टांसाठी चार भोके पाडतो. तंतूंची अखंडता हीच ज्या वस्तूची सारी पुण्याई, तिची ती अखंडता सर्वाधिक भार येणाऱ्या चार ठिकाणी आपण स्वहस्ते तोडतो, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात येत नाही. बिट बोथट असले किंवा मागून लाकडाचा टेका दिलेला नसला, तर बाहेर पडताना ते शेवटचे दोन-तीन थर उचकटून टाकते आणि भोकाच्या कडेला काळ्या कुसळांची झालर उमटते. उडणारी बारीक काळी पूड फुप्फुसात जाऊ नये म्हणून नाकाला फडके बांधावे, एवढी साधी खबरदारीही मी क्वचितच घेतलेली पाहिली आहे. मोठ्या व्यासाचे ॲल्युमिनियमचे आणि रबराचे वॉशर लावून भार पसरवणे हा यावरचा उपाय. पण तेही पुष्कळदा कंटाळ्यापायी वगळले जातात, आणि ॲल्युमिनियम कार्बनला थेट टेकले तर पावसाळी दमट हवेत ॲल्युमिनियम झपाट्याने गंजते. कोकण आणि गोव्यातल्या खाऱ्या हवेत तर हे अधिकच.

जुनी फायबरची सीट सोडवून प्रकाशात धरली, की बोल्टच्या भोकाभोवती दुधासारखे पांढरट वलय दिसते. रेझिन आणि काचतंतू यांची पकड सुटू लागल्याची ती खूण असते. मेकॅनिक तिच्यावरून हात फिरवतो, म्हणतो, अजून दोन रेस चालेल, किंवा म्हणतो, आता मॅट आणि रेझिन लावून घ्या, आणि त्याचा शब्द बहुधा खरा ठरतो. काळ्या कार्बनमध्ये असे वलय दिसत नाही. वरचा लाखेसारखा लेप जसाच्या तसा चकाकत असतो आणि आतले थर एकमेकांपासून सुटलेले असतात. विमानाच्या देखभालीत या अदृश्य इजेचा स्वतंत्र विचार होतो, तिच्यासाठी अल्ट्रासाउंडची यंत्रे वापरली जातात, आणि त्याखेरीज एक जुनी साधी रीतही चालते. नाण्याने पृष्ठभागावर ठिकठिकाणी टकटक करून, कुंभाराकडून माठ घेताना आपण ऐकतो तसा, स्वच्छ आणि बद्द आवाजातला भेद ऐकण्याची. ही रीत पालकांनी अवश्य शिकून घ्यावी. परंतु तिचा निर्वाळा म्हणजे हमीपत्र नव्हे.

काल टिकले म्हणून आज टिकेल, हा युक्तिवाद तर या पदार्थाच्या बाबतीत अत्यंत धोक्याचा. जून २०२३ मध्ये टायटॅनिकचे अवशेष पाहावयास गेलेली टायटन नावाची पाणबुडी समुद्रतळाकडे जाताना दबून नष्ट झाली आणि तिच्यातले पाचही जण मृत्युमुखी पडले. तिचे दंडगोलाकार शरीर कार्बन फायबरचे होते, आधीच्या मोसमांत ती त्याच ठिकाणी जाऊन सुखरूप परत आलेली होती, आणि त्यांतल्या एका फेरीत वर येताना मोठा आवाज होऊन मापकांच्या नोंदीत फरक पडला होता, असे चौकशीत पुढे आले. कार्टची सीट आणि ती पाणबुडी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मला कोणी सांगावयास नको; परंतु थरांत साचत जाणारी इजा मागील यशाच्या नोंदीत उमटत नाही, हा धर्म दोघींनाही सारखाच लागू आहे. म्हणूनच जुन्या बाजारातून, कोणत्या स्पर्धेत किती वेळा आपटली याचा दाखला नसलेली कार्बनची सीट स्वस्तात मिळाली म्हणून घेणे, मला मुळीच मंजूर नाही.

नियमकर्त्यांनी या बाबतीत दाखवलेला शहाणपणा आपल्याकडे पुरेसा वाचला जात नाही. आंतरराष्ट्रीय कार्टिंगच्या तांत्रिक नियमांत संमिश्र पदार्थांना सर्वसाधारण मनाई असून सीट, पायाखालचा पत्रा आणि चेनचे झाकण असे मोजके अपवाद सोडलेले आहेत. सांगाडा पोलादाचा, तोही चुंबकाला चिकटणारा, हवा. त्यावर टायटॅनियमलाही बंदी. आणि पुढची-बाजूची आवरणे प्लास्टिकची, तीही अशी हवीत की तुटली तरी त्यांना अणकुचीदार धारा येऊ नयेत. ही शेवटची अट विशेष मननीय आहे. चाकाला चाक भिडवून धावणाऱ्या वीस-पंचवीस मुलांच्या घोळक्यात पुढच्या गाडीचे आवरण फुटून त्याच्या काळ्या चिमट्यासारख्या ढलप्या रस्त्यावर पसरल्या, तर मागून येणाऱ्याचा टायर, हात किंवा गळा यांपैकी काय सापडेल याचा नेम नाही. प्लास्टिक दबते, वाकते, खरवडले जाते आणि पुन्हा लावता येते. त्याचा हा गावंढळपणाच इथे गुण ठरतो. सीटमध्येही काही चांगले कारखानदार कार्बनच्या जोडीला अरॅमिड तंतू विणतात, ते फुटल्यावर तुकडे एकमेकांना धरून राहावेत म्हणून. दुकानात मात्र रंग काळा आहे की नाही एवढेच पाहिले जाते.

आता मोलाचा हिशेब. प्रत्येक वर्गात चालकासह वाहनाचे किमान वजन ठरवून दिलेले असते; रोटॅक्सच्या सीनियर वर्गात ते १६० किलोच्या आसपास येते, शर्यत संपताच वाहन आणि चालक दोघांना काट्यावर उभे केले जाते, आणि वजन कमी भरले की निकाल बाद. याचा सरळ अर्थ असा की, ज्याचे मूल अंगाने हलके आहे त्याला मर्यादा गाठण्यासाठी शिशाच्या पट्ट्या लावाव्याच लागतात, आणि त्या पट्ट्या लावण्याची रूढ जागा कोणती, तर सीट! फायबरच्या सीटपेक्षा कित्येक पट दाम मोजून किलो-दीड किलो वजन वाचवावयाचे, आणि मग त्याच महाग सीटला आणखी भोके पाडून तेवढेच शिसे तिच्यावर बोल्टने आवळावयाचे, हा जमाखर्च कोणत्या शाळेत शिकवतात मला ठाऊक नाही. शिसे खाली आणि हव्या त्या जागी ठेवता येते, त्यामुळे गुरुत्वमध्य उतरतो आणि पुढच्या-मागच्या चाकांवरचा भार जुळवता येतो, हा कार्बनच्या बाजूचा युक्तिवाद खरा आहे आणि राष्ट्रीय स्तरावर दशांश सेकंदासाठी झगडणाऱ्या चालकाला तो कामाचाही आहे. उंच, भरदार बांध्याच्या तरुणालाही, ज्याचे वजन मर्यादेच्या वर जाते, हा किलो-दीड किलो उपयोगी पडेल. परंतु १६० किलोंतला दीड किलो म्हणजे एक टक्काही नव्हे. कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या झालेल्या आहेत. तिथे आदल्या रात्री तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला हात आखडता घेतला तरी या बचतीचा बराच हिस्सा फुकट पदरात पडेल. नवशिक्याच्या फेरीचा वेळ ब्रेक कुठे दाबावा हे कळल्याने सेकंदांनी उतरतो. त्या शिक्षणासाठी लागणारे ट्रॅकचे भाडे आणि टायरचा एक जादा संच हे सीटच्या किमतीत सहज बसते.

मग कार्बनला न्याय्य जागा कोणती? माझ्या मते सर्वांत निर्विवाद जागा अशी आहे की, ती कोणाच्या नजरेसही पडत नाही. टू-स्ट्रोक इंजिनाच्या तोंडाशी रीड व्हॉल्व्ह असतो. त्यात पातळ पाकळ्या असतात, पिस्टन वर जाताना इंधनमिश्रित हवा आत घेण्यासाठी त्या उघडतात, खाली येताना मिटतात, आणि मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेणाऱ्या इंजिनात त्यांची ही उघडझाप सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा चालते. इथे हलकेपणा, ताठरपणा आणि थकवा सोसण्याची शक्ती हे कार्बनचे तिन्ही गुण एकाच वेळी कामाला येतात. धातूची पाकळी तुटून आत गेली तर सिलिंडर ओरबाडते, कार्बनची पाकळी त्या मानाने कमी अनर्थ करते. आणि ती कडेने झिजू लागली की सोडवून, उजेडात धरून पाहता येते व अल्प किमतीत बदलता येते. आपल्याकडच्या यामाहा आरएक्स-१००च्या भक्तांना हे ज्ञान केव्हाचे आहे. त्यांच्यापैकी कित्येकांनी धातूच्या पाकळ्या काढून कार्बनच्या घातल्या, आणि त्यासाठी टाकीवर काळी फिल्म चिकटवण्याची गरज त्यांना वाटली नाही. पायाखालचा पत्रा आणि चेनचे झाकण यांनाही, नियमांत बसत असेल तर, माझी हरकत नाही. ते तुटले तर शर्यत जाईल, प्राण जाणार नाही. जाणकार मेकॅनिक हाताशी असलेल्या, पूर्ण वाढ झालेल्या चालकाने नवी, नावाजलेल्या कारखान्याची सीट घेण्यासही नाही. मात्र स्टिअरिंगचा दांडा, टाय रॉड, ब्रेकचे पेडल आणि त्याची सळई, ॲक्सल, चाकाचे हब, यांपैकी एकाही ठिकाणी कार्बनला परवानगी असता कामा नये.

हे शेवटचे वाक्य विशेषकरून आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना उद्देशून आहे. विद्यार्थ्यांनी स्वतः कार्ट बांधून स्पर्धेत उतरवण्याची प्रथा महाराष्ट्रात चांगली रुजली आहे आणि तिच्याविषयी मला आदर वाटतो. वेल्डिंगचा ठिणगीवर्षाव अंगावर घेतल्यावाचून यंत्रविद्या अंगी मुरत नाही. परंतु सादरीकरणात परीक्षकांना प्रभावित करण्यासाठी, कार्यशाळेच्या कोपऱ्यात ब्रशने रेझिन फासून, उन्हात वाळवून केलेला कार्बनचा भाग आणि शास्त्रोक्त रीतीने केलेला भाग यांना एकच नाव देण्याचा मोह तिथे फार होतो. गोव्यात पिळर्ण येथे किनेकोसारख्या कारखान्यात विमान आणि अवकाश क्षेत्रासाठी संमिश्र पदार्थांचे भाग तयार होतात, तेव्हा ही विद्या आपल्या भूमीत नाही असे नाही. पण या क्षेत्राचा शिरस्ता निराळा असतो. रेझिन लावलेले कापड शून्याखाली अठरा अंशांच्या आसपास साठवतात, ते किती तास बाहेर राहिले याची नोंद ठेवतात, निर्वात पिशवीत बांधून ऑटोक्लेव्हमध्ये ठराविक दाब आणि ठराविक तापमान देतात, नंतर भागाची अल्ट्रासाउंडने तपासणी करतात आणि मगच त्यावर शिक्का उठतो. यांपैकी एकही दस्तऐवज ज्याच्यापाशी नाही त्या भागाची ताकद कोणी सांगू शकत नाही; ज्याने तो बनवला त्यालाही ती माहीत नसते. पोलादी टोकाला कार्बनची नळी ॲराल्डाइटने चिकटवून केलेला टाय रॉड वजनकाट्यावर कितीही शोभला, तरी तपासनीसाने तो ट्रॅकवर जाऊच देऊ नये.

आणि या सर्व चर्चेत खऱ्या संकटांचा विसर पडू नये. २०१८ साली हरियाणातल्या पिंजोरला आणि २०२० साली हैदराबादेत, भाड्याच्या गो-कार्टमध्ये सहल म्हणून बसलेल्या तरुणींचे केस मागच्या फिरत्या भागात गुंतून त्यांचे प्राण गेले. तिथे प्रश्न पदार्थविज्ञानाचा नव्हता; उघड्या ॲक्सलवर झाकण आणि केस हेल्मेटखाली घट्ट बांधले आहेत की नाही हे पाहणारा एक जबाबदार माणूस, एवढ्याचाच होता. स्पर्धेतल्या मुलांची नित्याची तक्रार म्हणजे बरगड्यांची. सीटची कड प्रत्येक वळणावर त्याच जागी रुतते, आणि सीट जितकी ताठर तितका तो मार अधिक. आंतरराष्ट्रीय महासंघाने कार्टिंगच्या छाती-बरगडी संरक्षक जाकिटासाठी ८८७०-२०१८ हे स्वतंत्र मानक काढले ते याच कारणाने. मुलांच्या हेल्मेटसाठीही वेगळे, हलक्या वजनाचे मानक आहे, कारण लहान मानेला मोठ्या माणसाचे हेल्मेट पेलवत नाही. कार्बनवर पैसा खर्च करण्याची ऊर्मी अनावरच असेल तर ती हेल्मेटवर भागवावी. तिथे ग्रॅमा-ग्रॅमाची बचत मुलाच्या मानेच्या खात्यावर थेट जमा होते आणि मानकाचा शिक्का आत लावलेला असतो.

भाड्याचे ट्रॅक चालवणाऱ्यांनी आणि महाविद्यालयीन स्पर्धांच्या संयोजकांनी आपापल्या नियमावलीत एक कलम आजच घालावे, की स्टिअरिंग, ब्रेक आणि ॲक्सल यांच्या साखळीतला कोणताही भाग संमिश्र पदार्थाचा असल्यास वाहन तपासणीतच बाद होईल. पालकांनी बरगड्यांचे जाकीट, योग्य मापाचे हेल्मेट, टायर, ट्रॅकचे तास आणि चांगला मेकॅनिक यांची तजवीज आधी करावी. त्यानंतर पैसे उरले आणि मुलाचे वजन मर्यादेच्या वर असले, तरच कार्बनच्या सीटची चौकशी करावी. ती करताना दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत: भाग कोणत्या कारखान्यात झाला, या वर्गाच्या नियमांत तो बसतो का, आणि आपटल्यावर त्याची तपासणी कोण करून देणार. तिन्ही उत्तरे लेखी मिळाली नाहीत तर फायबरची सीट घेऊन घरी यावे.